तिसरी फळी

जाहिरातीत मी लिहिलं होतं:
एकशे बारा एकर, तिन्ही बाजूंनी बांध,
अर्ध्यात भात, अर्ध्यात पाण्यात उभं ओकचं रान,
शिकाऱ्यांसाठी लपणी चार, पैकी एक नवीन.
बदकं भरपूर.

लेलंड हुदाकने चष्मा कपाळावर सारला,
कागद हातभर लांब धरून शेवटची ओळ वाचली.
"भरपूर," तो म्हणाला, "हे बदकांना विचारून लिहिलंस?"

फोटो जानेवारीतला होता. आम्ही गेलो ऑक्टोबरात.
आरकान्सासच्या त्या सपाट मुलखात
आभाळ एवढं खाली येतं
की मान वाकवून चालावंसं वाटतं,
आणि फोटोतलं तळं जिथं असायला हवं
तिथं भेगाळलेली माती, भाताची धसकटं,
एक गंजकं काडतूस
आणि माझे ऑफिसचे बूट.

"पाणी कुठाय?"
"पाणी इथं नसतं. पाणी आणावं लागतं.
थँक्सगिव्हिंगच्या आधी पंधरा दिवस. दर वर्षी."

बांधाच्या टोकाला सिमेंटचा चौकोनी हौद,
समोरासमोर दोन खाचा,
खाचांत एकावर एक बसवायच्या पाच फळ्या.
सायप्रसच्या. तापल्या खिळ्याने आकडे डागलेल्या.
एकेक उचलून त्याने माझ्या हातात दिली,
तान्हं पोर द्यावं तशी, खालून हात लावायला सांगून.
तिसरी अंगठाभर आखूड.

ओपलने कापली होती ती,
ज्या साली त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.
माप बरोबर घेतलं होतं,
पण करवत चालवताना डोक्यावरून पहिला थवा गेला
आणि तिने मान वर केली.

"बदलली नाहीस?"
"पुढच्या सालीच बदलणार होतो."

पुढच्या साली थंडी अशी पडली
की पाण्यावरून ट्रक न्यावा.
मैलोन्‌मैल बर्फ,
आणि फक्त इथं, आखूड फळीशी,
गळतीने हलतं राहिलेलं खळ्याएवढं पाणी उघडं.
त्यात चक्रांग, तलवार बदकं, हिरव्या डोक्यांचे मॅलार्ड,
मयताच्या घरी माणसं बसतात तशी
गप्प, खांद्याला खांदा लावून.
त्याने दोन टिपली.
ओपल म्हणाली, पुरे.

"हे जाहिरातीत घालू?"
"काय घालशील? गळतं म्हणून?"
नाही घातलं.

गिऱ्हाईक लिटल रॉकचा दातांचा डॉक्टर.
हसरा. लपणीत कॉफीचं यंत्र बसेल का, विचारणारा.
वाईट माणूस नव्हे.
त्याच्या तपासनिसाचा अहवाल सोळा पानी:
पंप ठीक. बांध ठीक. बिळं किरकोळ.
पान अकरा: फळी क्रमांक तीन सदोष,
विक्रेत्याने बदलून द्यावी.

लेलंडने पान अकरावर सही केली
आणि पेन माझं आहे हे विसरून खिशात घातलं.
नवी फळी आली, ॲल्युमिनियमची, रबरी कडांची.
जुनी कुणालाच नको होती.
ती माझ्या डिकीत आहे. वळणावर सरकते,
आवाज करते.

जानेवारीत दुसऱ्या एका जमिनीचा फलक ठोकायला
त्याच वाटेने गेले. बांधाशी गाडी थांबवली.
पाणी तुडुंब. एक थेंब गळत नव्हता.
या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरं.
एक थवा आला, एक घेर घेतला,
दुसरा जरा खाली,
मग पंखांची ती शिट्टी
वर सरकत सरकत पूर्वेकडे गेली.

संध्याकाळी त्याचा फोन.
मुलीकडे असतो आता, मेम्फिसला, खिडकीखाली पार्किंग.
"गोठलं?"
"गोठलं."
"फळीपाशी?"
"फळीपाशीही."
बराच वेळ नुसता त्याच्या टीव्हीचा आवाज येत राहिला,
कुणीतरी कुठलंसं बक्षीस जिंकत होतं.
मग म्हणाला, "तुझे ते बूट...
माती निघाली का त्यांची?"